मोतीबाईने दिलेला शेक

मोतीबाईला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती स्वतःच्या घरातली चूल पहारीने फोडत होती.

जानेवारी महिना होता. कर्जतहून कोंडाण्याकडे जाताना आत वळलं की सत्तरेक घरांची बोरशेतवाडी लागते. आमची संस्था तिथे धूर नळीतून छपराबाहेर नेणाऱ्या मातीच्या चुली बसवणार होती आणि मी घरांची यादी करत फिरत होतो. सामान यायला अजून चार दिवस आहेत, हे प्रत्येक दारात सांगत होतो. तिच्या दाराशी पोचलो तेव्हा तिचा नवरा गजा ओट्यावर बसून आत ओरडत होता, "चार दिस आता खायाचं काय गं? पहार?"

"शेजारनं आनीन," आतून आवाज आला. मग खोकला. तो इतका लांबला की गजाने ओरडणं थांबवून पाण्याचा तांब्या आत सरकवला.

"एकतीस वर्सांची चूल," तो मला म्हणाला. "माज्या आयेनं घातलेली. घरची चूल अशी कोन मोडतं का? तुमीच सांगा हिला."

मी आत डोकावलो. पन्नाशीची, हाडकुळी, उंच बाई. पदर कमरेला खोचलेला, केसांत राख. भिंती काळ्याकुट्ट, छपराचे वासे डांबर फासल्यासारखे. तिने माझ्याकडे बघून पहार भिंतीला टेकवली आणि विचारलं, "चुलीचा मिस्त्री तूच का?"

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, मिस्त्री नाही, असं सांगणार होतो. पण ती म्हणाली, "मंग बरं झालं. चार दिसानी येनार तं पयलं माजं घर घे. मागं सून हाय ना, जागृती, तिला दुसरा म्हैना लागलाय." दारामागे एक मुलगी उभी होती. तिने मान खाली घातली.

या घरात मी पुढे आठ महिने जात राहिलो. मोतीबाई हे सगळं कशासाठी करत होती, ते मला जागृतीनेच सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात जागृतीचं पहिलं बाळ गेलं होतं. मुलगा. एक्केचाळिसावा दिवस होता. छाती भरली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. तिथल्या डॉक्टरांनी कागद लिहिता लिहिता तीन प्रश्न विचारले होते. घरात धूर असतो का? संडासला कुठे जाता? बाळाला उचलायच्या आधी हात धुता का? जागृतीला त्यातलं काही ऐकूच आलं नव्हतं. तिचा नवरा हर्षद साजगावच्या कारखान्यात रात्रपाळी करून तसाच आलेला, भिंतीला टेकून उभा होता. गजा बाहेर गाडी बघत होता. मोतीबाईने मात्र ते तीन प्रश्न तसेच्या तसे पाठ केले. तिला लिहिता येत नाही. दोन वर्षं तिने ते कुणाला सांगितले नाहीत. सून पुन्हा गरोदर आहे हे कळलं त्या सकाळी तिने पहार उचलली.

चूल बसवायला लागलो तेव्हा चिखल तिनेच तुडवला. भाताचं तूस किती, शेण किती, माती कुठल्या बांधावरची, सगळं तिनेच ठरवलं. मी नकाशा उघडला तर तिने त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. नळीकडे मात्र बघत राहिली.

"हिचं तोंड छपरावर कुटं काडनार?"

मी जागा दाखवली.

"तितं नगं. पावसात वारा तिकडनं येतो, त्या खिंडीतनं. तोंडावर बसल. सगला धूर परत घरात."

मी चार ठिकाणी चुली बसवल्या होत्या आणि वाऱ्याची दिशा कुणाला विचारली नव्हती. आम्ही नळी हात-दीड हात सरकवली. नंतर त्या गावातल्या सगळ्या नळ्या आम्ही तिच्या म्हणण्याप्रमाणे लावल्या.

माझ्याकडे हवेतला धूर मोजायचं एक छोटं यंत्र होतं. जुनी चूल मोडायच्या आदल्या दिवशी माझा सहकारी ते घेऊन या घरात येऊन गेला होता आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी गजाने त्यावरचा आकडा वाचला होता. नऊशे बारा. आता नव्या चुलीवर भाकरी टाकल्यावर मी यंत्र परत तिथेच टांगलं. अठ्ठ्याऐंशी. मोतीबाईने आकडे मोजले, वाचले नाहीत.

"दोनच हायेत."

"दोनच. आधी तीन होते."

त्या दिवसापासून ती गावात सांगत सुटली, "आमचं दोन आकड्यांचं घर हाय." पाण्यावर बायका तिची थट्टा करायच्या. "काय गं मोते, आज किती आकडे?" ती म्हणायची, "तुमच्या घरात तं मोजायला यंत्र पुरायचं नाय."

पहिला प्रश्न सुटला, असं तिने मानलं. मग दुसऱ्याला हात घातला.

घरामागे सरकारी योजनेतला संडास होता. पाच वर्षं झाली होती बांधून आणि आत कुणी गेलं नव्हतं. जाता येणारही नव्हतं, कारण आत छतापर्यंत लाकूडफाटा आणि गोवऱ्या रचलेल्या होत्या. अख्ख्या घरात स्लॅबचं छप्पर तेवढंच. आमच्याकडे पाऊस चार महिने ठाण मांडतो, कोरडं सरपण ठेवायला तेवढीच जागा. गावातले निम्मे संडास असेच भरलेले असतात. सरकारी माणूस फोटो काढायला आला की बाहेरून काढतो. नव्या चुलीला लाकूड निम्मंच लागायला लागलं, तेव्हा मोतीबाईने संडास रिकामा केला. गोवऱ्या ओट्याखाली रचल्या, भांडं घासून काढलं, बाहेर पाण्याचा पिंप ठेवला.

गजाला ते पटेना. "घराला लागून? मानसाला काय लाजबीज?"

"वड्यावर टमरेल घिऊन बसतोस तेवा कुटं जाते लाज?"

"तितं वारा असतो."

"आजपास्न वड्यावर गेलास तं जेवायलापन तितंच बस. मी ताट घिऊन येनार नाय."

तीन दिवस गजा मुद्दाम ओढ्यावर गेला आणि तीन दिवस त्याला खरंच ताट मिळालं नाही. चौथ्या दिवशी मी गेलो तर तो संडासाच्या दाराची कडी दुरुस्त करत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "कडी नीट लागत नाय. उघडंच बसायचं का मग?"

तिसऱ्या प्रश्नासाठी तिने साबणाची वडी जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधून मागच्या दाराला लटकवली. आत येणाऱ्याने हात धुवायचे. मीसुद्धा. पाहुण्यांनीसुद्धा. व्याह्यांनीसुद्धा, आणि त्यावरून थोडी नाराजी झाली.

आणखी एक गोष्ट तिने केली, ती कुणी सांगितली नव्हती. गावाबाहेर मुंबईवाल्यांचं एक फार्महाऊस आहे. शनिवार-रविवार गाड्या येतात. दाराशी पाटी आहे, 'चुलीवरचं जेवण'. मोतीबाई सहा वर्षं तिथे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, तीन दगडांच्या चुलीपुढे. लोक फोटो काढायचे. तिने मालकाला आमच्या चुलीबद्दल सांगितलं, तेव्हा तो हसला. "मावशी, धूर दिसला नाही तर लोक इतक्या लांब कशाला येतील?" तिने मेमध्ये काम सोडलं. तिच्या लुगड्याला धुराचा वास येतो आणि त्याच लुगड्याने ती बाळाला घेणार, म्हणून. तिचा स्वतःचा खोकला त्याने कमी झाला नाही. आता चढावर ती दर दहा पावलांनी थांबते. त्याबद्दल मी बोललो की म्हणायची, "माजं काय घिऊन बसलास? माजं झालं."

जुलैत हर्षद आणि गजाने आणखी एक काम काढलं. आमच्याकडच्या घरांत भिंत संपते तिथे आणि छपराच्या मध्ये वीतभर फट सोडतात. धूर जायला. बाळाला वारा लागू नये म्हणून त्यांना ती फट बुजवायची होती. हर्षदने मला फोन करून विचारलं, "आता नळीनं धूर जातो ना दादा? मग बुजवली तर चालंल ना?"

मी म्हणालो, चालेल.

त्यांनी प्लास्टिकचे कागद कोंबून वरून चिखल लिंपला. चारी बाजूंनी, अगदी नीट.

ऑगस्टमध्ये जागृती बाळंत झाली. मुलगी. एक किलो नऊशे ग्रॅम. दवाखान्यात आठ दिवस ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. मोतीबाईने फोनवर मला सांगितलं, "मिस्त्री, पोर लय बारीक हाय. मांजराच्या पिलाएवडी. पन आता आमचं घर नीट हाय." तिच्या आवाजात तेव्हा भीती नव्हती. तयारी होती.

ठरल्याप्रमाणे मी चूल तपासायला गेलो, तेव्हा मुलगी सतरा दिवसांची होती. यंत्र स्वयंपाकघरात टांगून दोन दिवसांनी परत आलो आणि त्यातली नोंद उघडली. सकाळी सातला स्वयंपाकाच्या वेळी नव्वद. संध्याकाळी पंच्याण्णव. आणि दोन्ही दिवशी सकाळी दहा ते अकराच्या मध्ये साडेपाचशेच्या वर.

"मावशी, दहा वाजता चूल पेटवता का?"

"नाय रं. तेवा चूल गार असते, सारवलेली."

"शेजारी कुणी पाचोळा जाळतं का?"

"या पावसात? काय जळनार हाय?"

मला वाटलं नळी उलटी मारतेय. शिडी लावून पावसात छपरावर चढलो, काजळी खरवडून काढली, तोंडावर नवीन टोपी बसवली. खाली मोतीबाई शिडी धरून उभी होती. विचारत होती, "घरात अजून धूर हाय का रं? नीट बग." मी म्हणालो, थोडा आहे, पण आता जाईल. त्यात दोन दिवस गेले. परत यंत्र लावलं. परत दहा वाजता तेच. मी टोपी बदलली. आणखी एक दिवस गेला.

या दिवसांत मुलीचा श्वास जोरात चालायला लागला होता. गावची आशाताई संध्याकाळी येऊन घड्याळ धरून मोजून गेली आणि म्हणाली, उद्या सकाळी दाखवून आणा, थांबू नका. पण हर्षद पहिल्या पाळीवरून दोन वाजता आला की मगच जायचं ठरलं. घरात अजून धूर आहे, हे मोतीबाईने माझ्याकडून ऐकलं होतं. म्हणून सातचा स्वयंपाकही तिने घरात केला नाही. मागे ताडपत्री बांधून, भिजत, तीन दगडांवर केला.

त्या सकाळी मी दहाच्या आधीच पोचलो. यंत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात बसलो. चूल खरंच गार होती. राखसुद्धा काढलेली. गजा ओट्यावर दोर वळत होता. यंत्रावर एकसष्ट होते. दहा वाजून दहा मिनिटांनी दीडशे झाले. मग तीनशे. मी चुलीच्या तोंडाशी यंत्र नेलं तर आकडा कमी झाला. नळीपाशी नेलं तर आणखी कमी. मी उठलो आणि आकडा जिकडे वाढतो तिकडे चालत गेलो. चार पावलं. आतल्या खोलीचं दार. सातशे.

दाराला आतून कडी होती. खाली गोणपाट लावलं होतं. तरी फटीतून ओव्याचा वास येत होता.

हा वास मला लहानपणापासून माहीत आहे. माझी बहीण बाळंत झाली तेव्हा आमच्या खालापुरातल्या घरात सव्वा महिना हाच वास होता. बाळंतिणीला तेल लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालून बाजेवर निजवतात. खाली शेगडी ठेवतात. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाच्या साली टाकतात, वरून गोधडी. बाळालाही त्यावर धरतात. अंग भरतं, थंडी निघते. दारं-खिडक्या बंद, कारण ओल्या बाळंतिणीला वारा लागता कामा नये. आणि पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. आठ महिन्यांत मी या घराचा कोपरा न् कोपरा मोजला होता. त्या खोलीत यंत्र लावायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं आणि आलं असतं तरी मी बोललो नसतो.

"मावशी!"

"थांब रं," आतून मोतीबाई खोकत म्हणाली. "शेक चालू हाय. बाप्यांनी येऊ नये हिकडं."

"मावशी, दार उघडा."

"वारा लागंल. पोर आधीच गार पडलीय, म्हनून जरा जास्त देते."

"मावशी, धूर तिथेच आहे. आत. शेगडीचा."

"हा कसला धूर? हा ववा हाय."

गजा मागे येऊन उभा राहिला होता. "बायकांचं चाललंय आत," तो मला दबक्या आवाजात म्हणाला, "तू बाहेर चल."

मग जागृतीचा आवाज आला. हळू. "आई, उघडा. ही दूध सोडून देतेय. हिचे ओठ बघा."

कडी पडली. मी आत गेलो नाही. धूर माझ्या अंगावर आला. यंत्रावर नऊशे नव्व्याण्णव आले आणि ते तिथेच थांबलं. त्याला त्याच्या पुढे मोजता येत नाही. खिडकीवर दुहेरी गोधडी ठोकलेली होती. बाजेखाली शेगडीत निखारे नव्हते. गोवऱ्या होत्या, अर्धवट पेटलेल्या, धुमसणाऱ्या.

गोवऱ्या का, ते मला तिथे उभ्या उभ्याच समजलं. जुन्या तीन दगडांच्या चुलीत स्वयंपाक झाल्यावर लालभडक निखारे उरायचे. बायका तेच शेगडीत भरायच्या. आमची चूल लाकूड शेवटपर्यंत जाळते, खाली पांढरी राख तेवढी उरते. आमच्या माहितीपत्रकात ते गुण म्हणून लिहिलं आहे. निखारे मिळेनात (त्या सकाळचे मागच्या तीन दगडांवरचे पावसाने विझले होते), म्हणून मोतीबाई रोज ओट्याखालच्या गोवऱ्या घेऊन त्या खोलीतच पेटवत होती. वरची फट बुजवलेली होती.

मुलीचे ओठ जांभळे पडले होते. छाती बरगड्यांच्या खाली आत ओढली जात होती. आवाज येत नव्हता. मोतीबाईने तिला पदरात घेतलं आणि अनवाणी पळाली. जिला दहा पावलांवर थांबावं लागतं, ती अख्खी आळी पळाली. गजाने रस्त्यावर भाजीचा टेंपो अडवला.

तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लावली, दोन तास ठेवलं आणि गाडी देऊन पनवेलला पाठवलं. पनवेलला काचेच्या खोलीत नेलं. आईशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. हर्षद कारखान्याच्या कपड्यांतच आला. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, छातीत जंतू आहेत, त्यात धूर गेलाय, वजन कमी आहे, तीन दिवस काही सांगता येणार नाही. घरात काय जाळता? हर्षद माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "दरवर्षी अशी येतात. कुणी सांगतच नाही शेकाचं. विचारलं तरी धूर नाही म्हणतात."

मोतीबाई शेजारीच उभी होती. तिने सगळं ऐकलं.

त्यानंतर ती बाकावर बसली नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. गजा चहा घेऊन आला तर तिने कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशीही तिथेच होती. मी गेलो तेव्हा तिने मला जवळ बसायला सांगितलं.

"मिस्त्री, खरं सांग. किती आकडे आले?"

"तीन. नऊशे नव्व्याण्णव. त्याच्या पुढे ते जात नाही."

"म्हंजे त्याच्यापरीस जास्तीच."

"हो."

ती बोटं मोजत होती. मला वाटलं दिवस मोजतेय, या मुलीचे. पण बोटं थांबेनात.

"पयल्या येळेला," ती म्हणाली, "चाळीस दिस दिला. एक दिस चुकवला नाय. शेवटच्या आठवड्यात तो गार पडायला लागला, म्हनून दोनदा द्यायला लागले. सकाळी आनि दिवेलागनीला."

"गप गं," गजा म्हणाला.

"तेव्हा चुलीचा धूरपण होता ना मावशी," मी म्हणालो. "भिंती बघितल्यात ना तुम्ही? आणि जंतू असतात. कशाने झालं ते आता नाही सांगता येणार."

"तुला सांगता येत नाय, का तू सांगत नायस?"

मला जे शिकवलं आहे त्याप्रमाणे पहिलंच खरं होतं. कुठलंही यंत्र दोन वर्षं मागे जाऊन मोजत नाही. पण तिच्या तोंडाकडे बघून ते बोलायचा धीर झाला नाही.

"डाक्तरनं तीन गोष्टी इचारल्या," मोतीबाई म्हणाली. "तिनी केल्या मी. चवथी त्यानं इचारली नाय. मी सांगितली नाय. सांगायचं काय त्यात? कोन सांगतं, मी नातवाला जेवाय घातलं म्हनून?"

गजाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण तिला तो कळलाही नसावा.

पाचव्या दिवशी मुलीने दूध ओढलं. अकराव्या दिवशी घरी सोडलं. वजन दोन किलो पन्नास. डॉक्टरीणबाईंनी जागृतीला दहा वेळा सांगितलं, छातीशी उघडी धरून ठेव, तुझ्या अंगाची ऊब पुरे आहे. हर्षदने आदल्याच दिवशी छपराखालचा चिखल उकरून प्लास्टिक ओढून काढलं होतं आणि खिडकीवरची गोधडी खिळ्यांसकट फाडली होती. मी आतल्या खोलीत यंत्र लावलं. एकतीस.

मोतीबाई मात्र आत गेली नाही. हात धुऊन ओट्यावर बसून राहिली. बारसं झालं तेव्हाही तिथेच होती. मिस्बाह नावाची जागृतीची कॉलेजातली मैत्रीण खोपोलीहून बाळ बघायला आली. तिने मुलीला बाहेर आणून मोतीबाईच्या मांडीवर द्यायला हात पुढे केले, तर मोतीबाईने दोन्ही हात पाठीमागे नेले.

जागृती दारात येऊन म्हणाली, "आई, बाजेवर मीच होते ना? माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. मला कळत होतं जीव घुसमटतोय. मी का नाय बोलले?"

"तू सून हायस. कशी बोलनार," मोतीबाई म्हणाली. "मी सासू हाय, म्हनून तं तू बोलली नाय."

जागृतीने मुलीला परत आत नेलं. आठवडाभर घर असंच चाललं. मुलगी वाढत होती, दर दोन दिवसांनी थोडी थोडी, आणि तिची आजी चार हातांवर ओट्यावर बसून तिचं रडणं ऐकत होती. श्वास मोजत असावी. ओठ हलायचे.

मग चार घरं सोडून राहणाऱ्या बुधीची मुलगी ऋतिका बाळंत होऊन माहेरी आली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीची टोपी बघायला गेलो होतो. मोतीबाई एकदम उठून उभी राहिली. हवेत ओव्याचा वास होता.

तिने पिंपातून बादली भरली. मला वाटलं, संडासात ओतायला नेतेय. ती आळीतून चालत गेली, थांबत थांबत, पाणी सांडत. बुधीच्या घरात शिरली. बुधीने अडवायच्या आत आतल्या खोलीत गेली आणि बाजेखालच्या शेगडीवर अख्खी बादली उलटी केली.

जे ओरडणं झालं ते ऐकून सगळी आळी जमा झाली. बाळंतिणीची शेगडी विझवायची, म्हणजे आमच्याकडे ते कुणी वैऱ्याच्या घरातही करत नाही. बुधीने मोतीबाईला दंड धरून बाहेर ओढलं. ओली राख तिच्या लुगड्यावर होती.

"अगं चेटकिनी! सोताचं नातवंड खाल्लंस, आता माज्या लेकीच्या पोरावर आलीस?"

मोतीबाईला दम लागला होता. तिला एक वाक्य बोलायला तीन श्वास लागले. "व्हय. खाल्लं. म्हनून तं आले."

गजाने पुढे होऊन तिला धरलं आणि घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी बुधीने बाहेरच्या दाराला आतून कडी घालून शेगडी पेटवली. गावातल्या पाच-सहा जाणत्या बायका मोतीबाईला समजावून गेल्या. बघ, आपल्या आयांनी दिला, आपण दिला, सगळी काय मेली? पाण्यावर तिच्याशी कुणी बोलेना. आमच्या दोन चुली लोकांनी फोडून टाकल्या. चुलीवाल्यांनी मोतीच्या डोक्यात भरवलं, असं म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मी बुधीच्या घरी गेलो तर तिने मला दारातूनच सांगितलं, "तू बाप्या. तुला काय कळतं यातलं?"

परवा सव्वादहाला मी त्या आळीतून गेलो. बुधीचं दार बंद होतं. मोतीबाई दाराशी बसून तळहाताने ते ठोकत होती. रोज जाते, असं गजाने सांगितलं होतं. त्याने अडवायचं सोडून दिलं आहे. आता तो तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन पलीकडे उभा राहतो. एक ठोका, मग श्वास. एक ठोका, मग खोकला. आतून बुधी शिव्या देत होती. खिडकीच्या फळ्यांतून धुराची एक बारीक रेघ निघत होती.

"ऋतिके," मोतीबाई म्हणाली. "तू आई हायस. तू बोल."

शिव्या तशाच चालू होत्या. मग खिडकीची एक फळी आतून सरकली. चार बोटांची फट पडली. कुणाचा हात होता ते दिसलं नाही. कोंडलेला धूर त्या फटीतून भसाभसा बाहेर यायला लागला.

"अजून उघड," मोतीबाई म्हणाली आणि तिने परत दार ठोकलं.